‘माझं’ म्हणेपर्यंत

डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं, गोळ्या चालू ठेवा, पण एखादा छंदही लावून घ्या. दिवसभर स्क्रीनकडे आणि संध्याकाळी बायकोकडे बघून रक्तदाब उतरत नसतो. शेवटचं वाक्य डॉक्टरांचं की ह्याने पदरचं घातलेलं, ते मला अजून कळलेलं नाही. घरी आल्यावर बूटही न काढता त्याने स्टूल ओढलं आणि माळ्यावरची लांबट लाकडी पेटी खाली घेतली.

त्या पेटीवर मी इतकी वर्षं जास्तीच्या उशा ठेवत आले होते. आत विमान होतं. हलक्या लाकडाचं, पंख वरून पिवळे, खालून लाल. “वर गेल्यावर सुलटं आहे की उलटं ते कळायला,” नवरा म्हणाला. कॉलेज संपेपर्यंत तो ते उडवायचा. मग सोडलं. का सोडलं हे मी कधी विचारलं नव्हतं, कारण मला मुळात विमानाचाच पत्ता नव्हता.

विमानाखाली दोन जुने रिमोट होते, काळ्या वायरीने एकमेकांना जोडलेले. मोठा शिकवणाऱ्याचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. धाकटा शिकणाऱ्याचा. मोठ्यावर एक बटण होतं आणि त्याच्या कडेचा रंग बोटाने घासून पार उडाला होता.

“हे बाबांनी दाबून धरलं की विमान माझ्या हातात. सोडलं की परत त्यांच्या,” तो भिंगरीला सांगत होता. भिंगरी आमची मुलगी. शाळेतलं नाव वेगळं आहे. घरात एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. “देणाऱ्याने म्हणायचं, ‘तुझं’. घेणाऱ्याने म्हणायचं, ‘माझं’. आणि ‘माझं’ ऐकू येईपर्यंत देणाऱ्याने लक्ष काढायचं नाही. हा नियम.”

“आजोबा नियम पाळायचे?”

तो हसला. “आजोबा विमानाचं नाक खाली घालायचे, ‘तुझं’ म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे. मी ‘माझं’ म्हणेस्तोवर विमान जमिनीत. मग तुकडे मी गोळा करायचे. सगळे मिळाल्याशिवाय घरी जायचं नाही. एकदा एक चाक मिळेना, अंधार पडला तरी मिळेना… पण शिकवायचे मात्र छान हं.”

सासऱ्यांना मी फोटोतच पाहिलंय. आमच्या लग्नाआधीच ते गेले. त्या फोटोतही ते कॅमेऱ्याकडे न बघता जरा वर बघताहेत.

जुने रिमोट मेलेले होते. सेल आतल्या आत फुटून त्यांची हिरवी पूड झाली होती. मी ती चमच्याने खरवडून टाकली, हात दोनदा धुतले. नवऱ्याने नवा रिमोट आणला, विमानात नवी मोटर बसवली. भिंगरीला खेळायला तो धाकटा रिमोट मिळाला, गळ्यात पट्टा आणि खाली लोंबणारी वायर. जेवणाच्या टेबलावर विमान ठेवून बापलेकींचे वर्ग सुरू झाले. डावा अंगठा पुढे, इंजिन जोरात. मागे, इंजिन बंद. उजवा अंगठा वळवायला.

“आणि विमान आपल्याकडे तोंड करून येत असेल ना, तेव्हा सगळं उलटं होतं. त्याचं डावं आपलं उजवं. तिथेच सगळे आपटतात. तेव्हा डोकं चालवायचं नाही. जो पंख खाली जातोय, त्याच्याकडे अंगठा न्यायचा. जणू त्याला खालून टेकू देतोय.”

“टेकू,” भिंगरी म्हणाली. भांडी घासता घासता मीही मनात म्हटलं, टेकू. मी सगळं ऐकून ठेवते. आई झाल्यापासून ही सवयच लागलीय. घरातल्या प्रत्येक टेबलाचा कोपरा मला तोंडपाठ आहे.

गावाबाहेर एका बंद कारखान्याचं मैदान आहे. तिथे रविवारी सकाळी असे दोनचार हौशी लोक येतात. त्यांतले सगळ्यांत जुने टोपीकाका. ऊन असो नसो, डोक्यावर टोपी. नवऱ्याला बघून त्यांनी आधी मिठी मारली आणि मग विमान ओळखलं.

“हे अजून आहे?”

“बाबांची आठवण, काका.”

“आठवण कसली डोंबलाची. त्याने हयातीत कुणाला विमान उतरवू दिलं नाही. द्यायचं-घ्यायचं सगळं वर. खाली आणायचं ते त्यानेच, नाहीतर तुकड्यांत.” मग त्यांची नजर भिंगरीच्या गळ्यातल्या रिमोटवर गेली. “हिला हे कशाला दिलंय?”

“खेळायला,” मी म्हटलं. “त्यात सेलसुद्धा नाहीत.”

“सेल नाहीत ते दिसतंय मला,” काका म्हणाले आणि आपल्या खुर्चीकडे गेले.

विमान चढलं छान. उन्हात पिवळं, वळताना लाल. दोन फेऱ्या झाल्या आणि लांबच्या वळणावर त्याचं नाक एकदम खाली गेलं. नवऱ्याचे अंगठे रिमोटच्या दांड्यांवर होते, पण हलत नव्हते. त्याचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. मोठ्या माणसाच्या शर्टात उभं असलेलं एक पोर.

“माझं,” भिंगरी म्हणाली.

तिने अंगठा हलवला. विमान सरळ झालं.

वाऱ्याचा झोत असेल. मी पदवीला भौतिकशास्त्र घेतलंय. ज्या डब्यात वीज नाही त्यातून लहरी निघत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. पण पुढच्या रविवारी नवऱ्याने ‘तुझं’ म्हणून स्वतःचा रिमोट सरळ गवतावर ठेवला. भिंगरी डावीकडे वळवू म्हणाली, विमान डावीकडे वळलं. उजवीकडे म्हणाली, उजवीकडे. काळी वायर तिच्या गुडघ्यांवर आपटत होती. मी पुढे होऊन तिच्या रिमोटचं मागचं झाकण उघडलं. गंजलेल्या स्प्रिंगा आणि माझ्याच चमच्याचे ओरखडे.

“अगं, बघ तरी तिचा हात!” नवरा आनंदाने रडकुंडीला आला होता. “रक्तातच आहे!”

टोपीकाकांनी आपलं सामान गाडीत भरलं होतं. जाताना ते मला एवढंच म्हणाले, “तिला विचारा, ती चालवतेय की नुसती धरून आहे.”

मी घरी आल्यावर विचारलं. तिच्या केसांतला गुंता सोडवताना, सहज विचारल्यासारखं.

“नुसतं धरते,” ती म्हणाली. “आजोबा बटण दाबतात ना.” मग आरशात माझ्याकडे बघून, “आई, ते चाक त्यांच्या खिशात होतं.”

“कुठलं चाक?”

“बाबांना सापडत नव्हतं ते. आजोबांच्या खिशातच होतं. पहिल्यापासून. अंधार पडला तरी त्यांनी सांगितलंच नाही. मज्जा.”

मी हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ दाढी करत राहिला. दाढी करून झाली होती तरी.

तिसऱ्या रविवारी विमान पडलं. भिंगरीने ते आमच्याकडे वळवलं, त्याचा एक पंख कलला, आणि तिने डोकं चालवलं. अंगठा उलट्या बाजूला गेला. लाकूड मोडल्याचा आवाज एवढा छोटा होता की मला वाटलं, कुणीतरी पेन्सिल मोडली.

ती रडायला लागली. मी तिला उचलायला वाकले.

“उचलू नकोस,” नवरा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. तो वर, रिकाम्या आकाशाकडे बघत होता. “तुकडे गोळा करू दे. सगळे.”

“अरे, पाच वर्षांची आहे ती!”

“सगळे.”

तिने फ्रॉकच्या ओच्यात तुकडे गोळा केले. काटेरी गवतात तिच्या पोटऱ्या ओरबाडून निघाल्या. मी मदतीला गेले तर तीच मला ढकलून म्हणाली, “नको ना आई, ते बघताहेत.” शेवटी फक्त एक चाक राहिलं. ऊन डोक्यावर आलं, ती शोधतच होती. तेव्हा मी नवऱ्याजवळ गेले आणि न विचारता त्याच्या पँटच्या खिशात हात घातला.

चाक खिशात होतं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ते तिथे ठेवलं होतं.

घरी आल्यावर मी जे बोलायचं ते बोलले. तो ऐकून घेत होता, मध्येच रडला, तिन्ही रिमोट आणि मोडकं विमान स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला देऊन आला. पेटी परत माळ्यावर गेली, तिच्यावर उशा गेल्या. मला वाटलं, सुटलो.

पण भिंगरी घरात एका जागी ठरायला लागली. खेळता खेळता मध्येच थांबायची, हात अंगापासून लांब, कुणी हाक मारेपर्यंत तशीच. दुधाचा पेला तोंडाशी नेऊन विचारायची, “आत्ता कुणाचं आहे?”

“दूध? तुझंच.”

“दूध नाही गं,” ती वैतागून म्हणायची.

त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर होतो. मी वाळलेले कपडे काढत होते, नवरा फोनवर कुणाशी तरी ऑफिसचं बोलत होता. भिंगरी हात पसरून पळत होती, जशी सगळी पोरं पळतात. मी हसलेसुद्धा. मग लक्षात आलं की ती वाटेल तशी पळत नाहीये. सरळ, डावीकडे, सरळ, डावीकडे. चौकोनी फेरी. मैदानावर विमान उतरवण्याआधी घालतात ती.

“भिंगरे, पुरे आता.”

ती पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढली. तिथून गच्चीचा कठडा हाकेच्या नव्हे, पावलाच्या अंतरावर आहे, हे मला माहीत होतं. मला सगळे कोपरे माहीत असतात. ती कठड्यावर उतरली आणि वीतभर रुंदीवरून, हात पसरून, माझ्या दिशेने चालत येऊ लागली.

नवऱ्याच्या हातून फोन पडला.

तिचं तोंड उघडलं. आवाज तिचाच होता. पण तो शब्द तिने कंटाळल्यासारखा उच्चारला, दुसरीकडे बघत.

“तुझं.”

नवऱ्याने हात वर केले. अंगठे समोर धरले. त्याचे ओठ हलत होते.

“म्हण!” मी ओरडले. “अरे, म्हण ना!”

तो म्हणाला नाही. पुन्हा तोच चेहरा, मोठ्या माणसाच्या शर्टातला.

तिचा बाहेरचा हात कलला.

“माझं!” मी म्हटलं.

हातातले कपडे कधी पडले कळलं नाही. माझे अंगठे हवेत होते. ती माझ्याकडे तोंड करून होती. गच्ची माझ्या डावीकडे, रस्ता उजवीकडे. सगळं मन म्हणत होतं, डावीकडे, आत.

मी डोकं चालवलं नाही.

अंगठा उजवीकडे नेला. पडणाऱ्या हाताकडे. टेकू.

ती आत पडली.

कपड्यांच्या ढिगावर, पाठीवर. डोळे उघडे. कुठे खरचटलंही नव्हतं. नवरा तिला हलवत होता, नाकाशी हात नेत होता, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, की ती श्वास घेत नाहीये. मी जागची हलले नव्हते. माझा डावा अंगठा मागे ओढलेला होता. घाबरून ओढला गेला असेल.

मी तो जरा पुढे केला.

तिने श्वास घेतला. उठून बसली. “आई,” ती म्हणाली, “मला भूक लागलीय.”

ह्याला आता बरेच महिने झाले. भिंगरी ठणठणीत आहे. शाळेत तिच्या बाई म्हणतात, किती बदलली हो, किती शहाण्यासारखी बसते. काय केलंत तरी काय? मी हसते. अंगठे मी ओढणीखाली ठेवते, उगाच लोकांच्या नजरेत यायला नकोत. झोप कमी झालीय. पण कुठल्या आईला झोप असते?

नवऱ्याला एकदा दिलं. खूप थकले होते, तेव्हा म्हटलं, “तुझं.” त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं, हात मांडीखाली दाबून घेतले आणि ते तसेच ठेवून बसला. पलीकडच्या खोलीत भिंगरीचं गाणं मध्येच थांबलं. मी लगेच “माझं” म्हटलं. त्यानंतर कुणाला देत नाही. तो आता गोळ्याच घेतो. छंदाचं नाव काढत नाही.

खाली कसं उतरवायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. शिकायचंही नाही.

परवा दुकानात ती बाहुलीसाठी हट्टाला पेटली. जमिनीवर लोळण, किंचाळणं, सगळं. मागच्या बाईने चक्‌ केलं. दुकानदार म्हणाला, “वहिनी, समजवा जरा.” माझी कानशिलं तापली. ओढणीखाली मी डावा अंगठा मागे घेतला. अगदी थोडा.

दुकान शांत झालं.

“बघा, कळतं की पोरांना,” दुकानदार म्हणाला आणि माझ्या सामानाची पिशवी भरू लागला. साबण, पेन्सिली, बिस्किटं. एकेक वस्तू तो नीट लावून ठेवत होता. पिशवी भरून होईपर्यंत मी थांबले, आणि मग अंगठा पुढे केला.