थांबायची खूण

प्रशिक्षणाहून परतल्यावर पहिल्याच सकाळी ती क्रेनची शिडी चढू लागली आणि चौथ्या पायरीवरच थबकली. खालून कुणीतरी विचारलं, "काही विसरलात का?"

"धीर," ती म्हणाली. "बहुतेक वर्गातच राहिला."

विचारणारा खुणा करणारा होता. त्याच्या हाताकडे बघूनच क्रेनवर बसणाऱ्याने माल उचलायचा, ठेवायचा. मालधक्क्यावर सगळे त्याला हातवाऱ्या म्हणत. शिकताना तिच्या शेजारी प्रशिक्षक बाई बसलेल्या असत. इथे चाळीस फुटांवर काचेच्या केबिनमध्ये ती एकटी... आणि खाली जितीजागती माणसं. महिन्याने बाई बघायला येणार होत्या, शिकलेलं कामात उतरतंय का. नाही उतरलं, तर रवानगी दूरच्या गोदामात.

मग रोज कामाआधी दहा मिनिटं तो रिकाम्या हुकावर तिचा सराव घेऊ लागला. तळहात खाली हलला की हळूच उतरवायचं. दोन्ही हात आडवे पसरले की थांबायचं; ही एकच खूण कुणीही करू शकतं, आणि ती मानावीच लागते. भीती काही गेली नाही. उलट वाढली, कारण खालच्या माणसांतला एक जण आता तिला फार हवासा वाटू लागला होता.

महिना भरला. बाई घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. पाइपांचा गठ्ठा अधांतरी गरगरू लागला, तसा हातवाऱ्या धावत त्याच्याखाली घुसला. एका हाताने गठ्ठ्याचा दोर ओढून गरगर आवरत दुसऱ्याने त्याने खूण केली — उचल. मुकादमही उचल म्हणून ओरडला. ओझ्याखाली माणूस असेल तर काहीही हलवायचं नाही, हा पहिला धडा. तिने क्रेन चालवायचे दांडे सोडून हुक जागीच थांबवला आणि हातवाऱ्या बाजूला होईपर्यंत भोंगा दाबून धरला.

गठ्ठा पडलाबिडला नाही. मुकादमाने मात्र चारचौघांत तिला भित्री भागूबाई ठरवलं. बाईंनी वहीत लिहिलं, 'शिकलेलं कामात उतरलं', आणि त्या निघून गेल्या.

तिला मात्र शिडी उतरवेना. खाली हातवाऱ्याचा तळहात हलत राहिला... हळू, अजून हळू.

"खाली का घुसलात?" जमिनीला पाय लागताच तिने विचारलं.

"बाई वेळ मोजत होत्या. तुम्हाला गोदामात पाठवलं असतं, तर सकाळी मी खुणा कुणाला करायच्या?"

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर?" तिला रडूच फुटलं.

त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. मग जरा कचरत, "थांबायची खूण... तुम्हीही करू शकता."

त्यासाठी हात सोडवून घ्यावे लागले असते. तिने ते सोडवले नाहीत.