ओजसचं लक्ष होतंच

माझ्या भावाचं लक्ष नसतं, असं त्या यंत्रानं दुसऱ्यांदा लिहून पाठवलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओजस नऊ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून कमी ऐकू येतं, म्हणून दोन्ही कानांत श्रवणयंत्रं असतात. संगणकाचा आवाज ब्लूटूथनं (जवळच्या जवळ बोलणाऱ्या बिनतारी लहरींनी) थेट त्यांत जातो. यंदापासून, म्हणजे २०३८पासून, चौथीची तोंडी परीक्षा घरबसल्या होते आणि ती 'परीक्षक' नावाचा यंत्रमानव पडद्यावरून घेतो. दोन्ही वेळा ओजस अर्धा प्रश्न ऐकून गप्प बसला. शेरा आला, 'लक्ष नाही'. आता उद्याची तिसरी संधी शेवटची. ती गेली की वर्ष वाया.

खरं सांगायचं तर मीही त्याच्यावर खेकसले होते. तो एवढंच म्हणाला होता, "मुक्ताताई, शब्द तुटतात गं." मी कानाडोळा केला. त्याबद्दल मला स्वतःचाच राग येतो.

आमचे आजोबा जहाजावर बिनतारी अधिकारी होते. शेरा वाचून त्यांनी चष्मा टेबलावर आपटला. "त्या शहाण्याला नंतर बघू. आधी शब्द कुठे तुटतात ते शोधू."

त्यांनी संगणकात साठवलेलं एक गाणं लावलं. ओजसला नीट ऐकू आलं. मग गाणं चालू ठेवून इंटरनेटवरून एक मोठा व्हिडिओ उतरवायला घेतला. ओजसनं लगेच हात वर केला. "तुटलं. परत तुटलं." व्हिडिओ थांबवला, गाणं पुन्हा ठीक.

"म्हणजे पोराचे कान ठीक, यंत्रं ठीक," आजोबा म्हणाले. "भांडण ह्या टिकलीएवढ्या अडॅप्टरमध्ये आहे." अडॅप्टर म्हणजे संगणकाला बिनतारी जोडणारा सुटा भाग. बाबांनी दुकानात फक्त 'वायफाय, ब्लूटूथ दोन्ही चालतं ना?' एवढंच विचारलं होतं. चालतं की! पण एका वेळी एकच.

"ह्यातलं वायफाय आणि ब्लूटूथ एकाच वारंवारतेच्या पट्ट्यात बोलतात," आजोबांनी सांगितलं. वारंवारता म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते ते. हा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दोनशे चाळीस कोटी कंपनं. "एका नळावर दोन हंडे लावले तर आळीपाळीनंच भरणार. वायफायचा हंडा मोठा, म्हणून ब्लूटूथ ताटकळतं."

"मग दुसरा नळ?"

"आहे ना. पाच गिगाहर्ट्झचा. वायफायला तिकडे पाठवायचं. आपल्या राउटरला (घरभर इंटरनेट वाटणाऱ्या डब्याला) तो पट्टा येतो. अडॅप्टरला येत नाही."

आजोबा आणि मी लगेच दुकानात गेलो. दुकानदारानं सर्वात मोठा आकडा छापलेलं खोकं पुढे सरकवलं. "हा घ्या, वेग बघा याचा." मी म्हटलं, "काका, वेग राहू द्या. पट्टे किती ते सांगा." त्यात एकच होता. ते खोकं मी परत सरकवलं. शेवटी आम्ही दोन पट्ट्यांचं, संगणकाच्या आत बसणारं कार्ड निवडलं. त्याचा अँटेना (लहरी पकडणारा दांडा) लांब वायरीचा होता.

घरी आजोबांनी कार्ड खाचेत बसवलं आणि त्याची ब्लूटूथसाठीची छोटी वायरही आत जोडली. ती विसरली तर वायफाय चालतं, ब्लूटूथ मात्र मुकं राहतं. बाबा अँटेना संगणकामागे लपवू लागले, बरा दिसत नाही म्हणून. "बाबा, हात लावू नका," मी म्हणाले. "मागे पत्रा आहे. पत्र्यातून लहरी जात नाहीत." त्यांनी तो मुकाट्यानं टेबलावर ठेवला. आजोबांनी वायफाय पाचच्या पट्ट्यावर लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी ओजसनं दहाही प्रश्न पुरते ऐकले आणि नऊ बरोबर सांगितले. परीक्षक म्हणाला, "उत्तीर्ण. शेरा, लक्ष सुधारले."

सुधारले? मी तोंड उघडणार, तोच ओजस बोलला. एरवी तो परक्यापुढे ब्र काढत नाही.

"माझं लक्ष आधीही होतं. आवाज तुटत होता. तुम्ही विचारलंच नाही."

परीक्षक म्हणाला, "तिन्ही शेरे खोडतो. काय विचारायला हवं होतं?"

"ऐकू येतंय का, ते."

राज्यभर हाच परीक्षक परीक्षा घेतो, आणि आता प्रत्येक तोंडी परीक्षेत त्याचा पहिला प्रश्न तोच असतो. त्याला गुण नाहीत, पण उत्तर 'हो' आल्याशिवाय परीक्षा सुरू होत नाही.