अठ्ठावीस शेरडं आणि एक काहील

माझ्या धाकट्या भावाला, झुंबरला, नीरा नदीतल्या बेटावरून जिवंत परत आणायचं, एवढंच आमचं काम होतं. ते त्यानं किती अवघड करून ठेवलं, हे सांगायला बसलो की आजही माझं डोकं तापतं!

छप्पन्न सालचा श्रावण. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात महिनाभर पावसाचा टिपूस नव्हता. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि नदीला मात्र पूर! वर घाटात कोसळलेलं पाणी आमच्या दारात येऊन थडकलं होतं. बेटावर चारायला नेलेल्या शेरडांसकट झुंबर कालपासून तिथं अडकला होता. शेरडं अठ्ठावीस, आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या अकरा घरांची. सात वर्षं दारूत आणि तमाशाच्या फडामागं घालवून आलेल्या माझ्या भावाला मंडळीनं पुन्हा जवळ केलं आणि आपली शेरडं त्याच्या हाती दिली. तेव्हापासून तो त्यांना जिवापाड जपत होता. जरा जास्तच.

गावात होडी कुठली? पण मोहनरावांच्या गुऱ्हाळावर काहील होती. उसाचा रस आटवायची ती भली मोठी, उथळ लोखंडी कढई हंगाम नसल्यामुळे पालथी पडली होती. मी त्याच गुऱ्हाळावर गूळ रांधणारा गुळव्या.

"घिऊन जा, संभाजी. आदी मानूस, मग काहील," मोहनराव म्हणाले.

तिच्या बुडाचे पत्रे जोडणारं एक रिबिट निखळलं होतं. मी चुना आणि गूळ एकत्र मळून भोक बुजवलं. गुऱ्हाळावर आम्ही नेहमी असंच करतो, आणि ते दगडासारखं घट्ट बसतं. चुलाणाच्या जाळावर बसतं! नदीत त्याचं काय होईल, हा विचार माझ्या मठ्ठ डोक्यात आलाच नाही.

सोबत सोपानराव होते. रविवारच्या उपासनेसाठी बारामतीहून एसटीनं आलेले आमचे उपदेशक. साठी ओलांडलेली, पण पोहणारे पट्टीचे. काठावर त्यांनी प्रार्थना सुरू केली ती संपेचना. पाणी वीतभर चढलं तरी आमेन येईना!

"सोपानराव, बाकीची काहिलीत बसून करा की!"

"काहिलीत बसल्यावर तू शिव्या घालशील. म्हनून आदीच उरकतोय," ते डोळे न उघडता म्हणाले.

अखेर वल्ह्यांच्या जागी दोन फळ्या घेऊन निघालो. पण गोल काहील ती! फळीनं पाणी कापलं की पुढं जायचं सोडून गरागरा फिरायची. काठ दिसायचा, बेट दिसायचं, पुन्हा काठ दिसायचा. तेवढ्यात सोपानराव ओरडले, "वाक!" बाभळीचं अख्खं खोड आमच्या अंगावर येत होतं. त्यांनी आपली फळी खोडाला रेटली. काडकन मोडली! खोड लोखंडाला घासून पुढं गेलं. मी उरलेल्या एका फळीनं जीव खाऊन वल्हवत राहिलो, आणि एकदाचे बेटाच्या चिखलात रुतलो.

बेट कसलं, खळ्याएवढी जमीन उरली होती. मधोमध झुंबर, अंगावर घोंगडी, भोवती शेरडं.

"चल, बस लौकर!"

"आन शेरडं, दादा?"

"शेरडं गेली खड्ड्यात!"

"मग मी येत न्हाय. चांगला मेंढपाळ जीव देतो, पन मेंढरं सोडून पळत न्हाय. सोपानरावांनीच शास्त्रातनं शिकवलंय."

मी सोपानरावांकडं पाहिलं. "घ्या! बघा तुमचं शिकवनं!"

ते काही बोलायच्या आत माझी नजर काहिलीकडं गेली. आत घोटाभर पाणी! बोट बुडवून चाखलं. किंचित गोड लागलं. चौदा वर्षं गूळ रांधणाऱ्या माणसाला गूळ पाण्यात विरघळतो हे कळू नये? मी तिथंच चिखलात बसलो आणि मला रडू कोसळलं.

"देवा, काय चालवलंयस हे?" मी आभाळाकडं बघून ओरडलो. "पाऊस दीत न्हाईस आन पूर धाडतोस! ह्यो भाऊ दिलास, ही अक्कल दिलीस! आता वाट तरी दाव, न्हायतर सांग की दावत न्हाय म्हनून!"

"ही खरी प्रार्थना. चालू दी," सोपानराव म्हणाले.

झुंबर माझ्याजवळ येऊन बसला. "दादा, म्या रातभर हेच म्हनत हुतो. पन मोकळ्या हातानं कसा येऊ? धोंडामावशीचं एकच शेरडू हाय. लोक म्हनतील, झुंबऱ्या त्यो झुंबऱ्याच. तितं गावात बी अडकलोय आन हितं बी."

सोपानरावांनी त्याची हनुवटी वर केली. "लेकरा, त्या गोष्टीत तू सवताला मेंढपाळ समजतोस, तितंच चुकतंय. मेंढपाळ दुसरा हाय, आपला प्रभू. तू मेंढरू हायस. हरवलेलं, सापडलेलं, आन आता हट्टाला पेटलेलं. त्यानं उचललं तर गप उचलून घ्यावं!"

झुंबर बराच वेळ रडला. मग उठून त्यानं शेरडं बेटाच्या टोकाला उभ्या बाभळीखालच्या उंचवट्यावर हाकली. घोंगडीचा कोपरा फाडला, गच्च पिळला आणि काहिलीच्या भोकात ठासला.

"ह्याच्यावर तुझी टाच ठिव," मी म्हणालो. "ती हालली की तिघं बी गेलो!"

पाणी उपसून निघालो. मागून शेरडं ओरडायला लागली. झुंबर अर्धा उठला.

"टाच!" आम्ही दोघं एकदम किंचाळलो.

तो बसला. डोळे मिटून बसला. सोपानराव उरलेल्या फळीनं वल्हवत होते, मी हातांनी. प्रवाहानं आम्हाला अर्धा मैल खाली नेलं. एकदाची काठावरच्या करंजाची फांदी हाताला लागली. धरली! सुटली! पुन्हा धरली!

दोन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा उंचवट्यावर नऊ शेरडं जिवंत सापडली. धोंडाबाईचं त्यात नव्हतं. पण ते नंतरचं. त्या दुपारी अकरा घरं काठावर धावत आली, आणि झुंबर मान खाली घालून उभा राहिला.

रोज सांजेला शेरडं परतली की धोंडाबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून मोजून घ्यायची, झुंबरवर तिचा तेवढा भरवसा नव्हता. तीच म्हातारी पुढं आली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग सोपानरावांच्या. झुंबरच्या डोक्यावर मात्र तो बराच वेळ राहिला.

"एक, दोन, तीन," ती म्हणाली. "समदी भरली. चला घरी."