चौदा, सव्वीस, एकोणीस

दोन महिन्यांपूर्वी चार मजले चढून, धापा टाकत ती आपल्या फिजिओथेरपीच्या खोलीत पोचली, तेव्हा बाकावर बसलेला नवा पेशंट म्हणाला, "सॉरी हं मॅडम, या इमारतीची लिफ्ट सांभाळणारा मीच." आणि प्लास्टरमधून नुकताच सुटलेला उजवा हात त्यानं पुढे केला. तिला तेव्हाच राग आला होता. हसूही आलं होतं, पण ते त्याला कशाला सांगायचं?

तेव्हापासून दर मंगळवारी तेच. कोपर अंगालगत, काटकोनात, आणि पकड मोजायच्या यंत्राची मूठ तीनदा दाबायची. तक्त्यात त्याच्या वयाच्या पुरुषाला पंचेचाळीस किलोच्या आसपास जोर होता. हा गडी विसाच्या वर सरकेना. व्यायाम बदलले, कानीकपाळी ओरडली. पालथ्या घड्यावर पाणी. बदली मेकॅनिकला लिफ्ट उमगेना, त्यामुळे तिची रोजची चढउतार काही सुटेना.

"शनिवारी तुमच्या जागी कायमचा माणूस घेतायत," आज ती म्हणाली. "दाबा."

चौदा. सव्वीस. एकोणीस.

ती आकड्यांकडे बघत राहिली. कमजोर हातही तिन्ही वेळा साधारण सारखाच दाबतो. असे उड्या मारणारे आकडे म्हणजे माणूस जोरच लावत नाही. आणि आपण शहाण्या, दर वेळी नुसती सरासरी लिहीत बसलो.

"तुम्ही... मुद्दाम?"

"हात बरा झाला की इथं कोण येऊ देणार मला?" तो यंत्राकडे बघत म्हणाला. "मला मंगळवार आवडायला लागलेत. म्हणजे... तुम्ही."

"अहो, नोकरी जाईल. डोकं ठिकाणावर आहे का? आणि माझे गुडघे? सरळ विचारायचं होतंत. मी काय नाही म्हणणार होते?"

"नव्हतात?"

"आधी दाबा. खरं."

सत्तेचाळीस. सेहेचाळीस. सत्तेचाळीस.

तिनं हात बरा झाल्याच्या दाखल्यावर सही ठोकली. "घ्या. आणि लिफ्ट सुरू होईपर्यंत मी खाली उतरणार नाही. इथंच बसणार."

दोन महिने रखडलेलं काम त्यानं दीड तासात उरकलं. तिला त्याचाही राग आला. लिफ्टचं दार उघडलं, तर आत तो, हात ग्रीसनं माखलेले.

तिनं आत जाऊन तो उजवा हात ग्रीससकट धरला. "हसू नका. मी अजून वैतागलेलीच आहे... आवडता, तरीसुद्धा."

तळमजला आला. दार उघडलं. तिनं पुन्हा चारचं बटण दाबलं.