बिनजळाऊ पेन

तांदळाचा डबा, चपलांचं कपाट, पूर्वजांचा देव्हारा आणि मांजर, एवढं सगळं उलटंपालटं करून झालं, तरी आजोबांचं पेन सापडलं नाही. अशी झडती मांजराने आयुष्यात सोसली नव्हती.

काळ्या लाखेवर सोनेरी पाखरं रंगवलेलं ते पेन. घडवणारा कारागीर कधीच गेला. तसं दुसरं मिळणार नव्हतं. आजोबांनी जन्मभर सुलेखन शिकवलं. जूनमध्ये झटका आला, वाचा गेली आणि उजवा हातही. बॉलपेन पुढे केलं की ते डाव्या हाताने बाजूला सारत आणि बोटांनी हवेत त्या पेनाची लांबी दाखवत. त्यांना काहीतरी लिहायचं होतं. काय, ते कुणालाच कळत नव्हतं. बारा वर्षांच्या चिझुरूची सगळी सुट्टी ती हवेतली लांबी बघण्यात चालली होती.

जेवताना केइगोमामाने सहज सांगितलं, की ओबोनच्या सणाला पूर्वज घरी यायच्या आत त्याने आजोबांची खोली आवरली आणि कुंचल्यांचा जुना डबा देवळात पोचवला. झिजलेले कुंचले कचऱ्यात टाकणं त्याला पटेना. तिथे मंत्र म्हणून त्यांना रीतसर अग्नी देतात.

"डबा उघडूनही पाहिला नाही मी," तो अभिमानाने म्हणाला. "दुसऱ्याच्या वस्तूंत नाक खुपसू नये."

चिझुरूच्या हातातल्या जेवायच्या काड्या तिथेच थांबल्या.

ती आणि मामेभाऊ तोमोया सायकली हाणत देवळात पोचली, तर अंगणात नुसती राख. चिझुरू राखेत हात घालून बसली.

"निदान विधी तरी चांगला झाला असेल," तोमोया म्हणाला.

"गप बस."

राखेत सोन्याची निब नव्हती, तिचा गोळाही नव्हता. देवळातल्या भिक्षूंनी खुलासा केला, की मंत्र सगळ्यांसाठी म्हटले, पण धातूचं सगळं वेगळं काढून बिनजळाऊ कचऱ्यात दिलं. नगरपालिकेचा नियम! आणि गाडी कालच येऊन गेली.

"म्हणजे दोनदा मेलं," तोमोया पुटपुटला.

चिझुरू पायरीवर बसून रडली. रडता रडता तिला दिसलं, भिक्षू एकाच कुंडीला तिसऱ्यांदा पाणी घालतायत. कुंडीत रोप नव्हतं. कुंडीमागे मात्र एक पिशवी होती, आणि तिच्यावर पिवळी चिठ्ठी: 'चुकीचं वर्गीकरण. उचलणार नाही.'

आत बांबूचे कुंचलेही राहून गेले होते, म्हणून गाडीवाल्यांनी पिशवी नाकारली होती. "गल्लीत कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा नव्हती," भिक्षू म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

पेन पिशवीच्या तळाशी होतं.

घरी सगळे आजोबांच्या गादीभोवती गुडघे टेकून बसले. मामाने रुमाल आधीच काढून ठेवला. आजोबांनी डाव्या हाताने, फार वेळ लावून, एकच अक्षर काढलं. त्याचा अर्थ, मीठ.

"आयुष्याचं मीठ," मामाने हुंदका दिला. "म्हणजे आम्हीच."

चिझुरूच्या आईने आजोबांची पेज चाखून पाहिली आणि मिठाची बरणी काढली. जूनपासून पेज अळणी होती.

मग पोरांचं कौतुक सुरू झालं. मामा त्यांच्यापुढे जमिनीला कपाळ टेकेपर्यंत वाकला. भिक्षूंनी कलिंगड धाडलं, पिशवीबद्दल कुठे बोलू नये म्हणून. अक्षरही सुंदर आलंय, असं सगळे म्हणाले. ते सुंदर नव्हतं. पहिलीतल्या पोरासारखं वाकडं होतं. त्याकडे बघता बघता आजोबांचे डोळे भरून आले आणि चिझुरूला वाटलं, पेन सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

विद्यार्थ्यांच्या चुकलेल्या अक्षरावर मारत तशी आजोबांनी त्या अक्षरावर फुली मारली, आणि शेजारी तेच अक्षर पुन्हा काढायला घेतलं.