पिवळा ठिपका

"अहो, नाक लागेल काचेला!"

मी असं म्हटलं तरी तो मागे सरकला नाही. वाचनालयाच्या सभागृहात छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं आणि माझ्या फोटोसमोर एक उंच माणूस ओणवा होऊन उभा होता. काखेत एक जाड वही. कान जरा जास्तच बाहेर आलेले.

"लागू द्या," तो म्हणाला. "मी स्वतःला शोधतोय."

"मग आरशासमोर उभं राहायचं. हे माझं चित्र आहे."

आता कुठे तो वळला. आधी डोळ्यांत हसला, मग ओठांत. "म्हणजे पहिलं बक्षीस तुमचं? अभिनंदन! पण बाई, यातून मी कुठे गेलो?"

मी हसले... आणि त्याच क्षणी चित्रावरची नजर बाजूला घेतली.

चित्र साधंच होतं. बंदराच्या दगडी पायऱ्या, पहाटेची निळाई, मागे बंदराच्या कचेरीवरचं घड्याळ – सात वाजून दहा मिनिटं. पुढे सहा समुद्रपक्षी, सगळे एकाच रिकाम्या पायरीकडे टक लावून पाहणारे. नाव दिलं होतं 'वाट'. परीक्षकांनी भाषणात केवढं कौतुक केलं होतं! म्हणे, त्या रिकाम्या पायरीत काय आर्तता आहे!

"हे पक्षी माझ्याकडे बघताहेत," तो म्हणाला. "बिस्किटासाठी. भरतीची नोंद ठेवतो मी बंदरात. त्या भिंतीवर आकड्यांची पट्टी रंगवलीय ना, ती रोज सकाळी सातला वाचायची. सात ते सव्वासात मी सातव्या पायरीवर असतो. खाली तारीख लिहिलीय तुम्ही, सतरा. सतराला पाणी चौथ्या पायरीला होतं. हे बघा, आहेच! पाणी आहे, पक्षी आहेत... मी तेवढा नाही."

"असाल एखाद्या खांबाच्या मागे," मी म्हणाले.

"तुम्ही तिथे होतात. पाहिलं नाहीत मला?"

"नाही."

देवा, किती पटकन आला तो शब्द तोंडात!

कारण मी त्याला पाहिलं होतं. पिवळी लोकरीची टोपी घातलेला माणूस, गुडघ्यावर वही. त्या निळ्या चित्रात ती टोपी मला खुपली, म्हणून घरी येऊन मी तो माणूस पुसून टाकला. टोपी, वही, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं. हात सफाईदार आहे माझा. आत्याच्या फोटो स्टुडिओत सहा वर्षं मी दुसरं करतेय काय? कुणाचा मुरूम, कुणाची सुरकुती, कुणाची दुहेरी हनुवटी. गिऱ्हाइकं खूश. पण प्रदर्शनाच्या अर्जावर ठळक अक्षरात लिहिलं होतं – चित्रात कोणताही फेरफार केलेला नाही. त्याखाली मी सही केली होती.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओत हजर.

"फोटो हवाय?" आत्याने विचारलं.

"नको. म्हणजे... हवा असेल पुढेमागे. इकडून चाललो होतो."

"ही गल्ली पुढे बंद आहे," आत्या म्हणाली आणि छोटे फोटो कातरता कातरता देवाचं गाणं गुणगुणू लागली. गाण्यात हसू होतं.

मग तो रोज इकडूनच जायला लागला.

सुट्टीच्या सकाळी मी कॅमेरा घेऊन निघाले की कोपऱ्यावर भेटायचा. घराभोवतीचं गाव मला पाठ होतं, पण त्याने मला ते नव्याने दाखवलं. न्हावी दुकान उघडताना आधी आरशात स्वतःला नमस्कार करतो. वर्तमानपत्रं लावणारी बाई बोटाला थुंकी न लावता, डबीतला ओला स्पंज दाबून पानं मोजते. गच्चीवरच्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरींच्या फटीतून समुद्र दिसतो, चार बोटं रुंद.

"टिपा, टिपा!" तो कानाशी कुजबुजायचा.

"हलू नका ना, तुमची सावली येतेय."

"येऊ द्या की. एखाद्या फोटोत तरी येऊ द्या मला!"

तो गमतीने म्हणायचा. मला मात्र मान खाली घालावी लागायची. त्याला वाटायचं, लाजतेय. लाजच होती हो ती... पण त्याला वाटायची तसली नव्हती.

एकदा भर वाऱ्यात त्याने डोक्यावरची टोपी काढून माझ्या कॅमेऱ्यावर घातली. वाळू उडत होती ना. त्याचे कान थंडीने लाल झाले.

"अहो, तुमचे कान!"

"असू द्या. तेवढ्यासाठी कॅमेरा बिघडायला नको. पण टोपी सांभाळा हं, आईने विणलीय." मग जरा थांबून म्हणाला, "तिची नजर अधू आहे. आमच्या खिडकीतून पायऱ्या दिसतात, पण माणूस ओळखू येत नाही. म्हणून तिने पिवळी विणली. रोज सातला खिडकीत बसते. पिवळा ठिपका दिसला की म्हणते, आहे बाबा माझा मुलगा. मग चहा घेते."

मी टोपी हातात धरून उभी राहिले. ती आतून अजून उबदार होती. सांग आता, सांगून टाक, असं मन ओरडत होतं. "छान आहे," एवढंच मी म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात माझं चित्र वर्तमानपत्रात छापून आलं, चांगलं अर्धं पान भरून. आत्याने ते काचेवर चिकटवलं. आणि तो यायचा थांबला.

तिसऱ्या दिवशी आला तेव्हा वही काखेत नव्हती.

"साहेबांनी पेपर पाहिला," तो स्टुलावर बसत म्हणाला. "घड्याळ स्पष्ट, तारीख स्पष्ट, पायरी रिकामी. म्हणतात, सतराला तू जागेवर नव्हतास. मी म्हटलं, आकडा बघा, बरोबर आहे. तर म्हणतात, भरती-ओहोटीचा छापील तक्ता बघून घरबसल्या कुणीही आकडा लिहील. होड्या तुझ्या आकड्यांवर आत येतात, त्यांनी कुणाच्या भरवशावर यायचं? सोमवारपर्यंत खुलासा मागितलाय. नोकरी जाईल बहुतेक."

"तुम्ही तिथे होतात ना?"

"अकरा वर्षांत एक सकाळ चुकवली नाही." तो हसायला गेला, जमलं नाही. "नोकरीचं एक वेळ ठीक आहे हो. आईने शेजारणीकडून तो फोटो समजावून घेतला. मला म्हणाली, अरे, त्या दिवशी मला ठिपका दिसला होता असं वाटतंय... म्हणजे माझे डोळे पुरतेच गेले म्हणायचे. आता ती खिडकीत बसत नाही."

माझ्या हातातली कात्री थांबली.

"एक मागू?" त्याने विचारलं. "तुम्ही साहेबांना सांगाल का... की मी तुम्हाला दिसलो नाही, पण असू शकेन? तुमच्या शब्दाला आता वजन आहे."

"सोमवारी... सोमवारी येते," मी पुटपुटले.

तो उठला, आणि जाता जाता म्हणाला, "त्रास नाही ना झाला तुम्हाला?" त्याऐवजी त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं. डोळे जमिनीला लावूनच सांगितलं. वाटलं, ती ओरडेल. तिने हातातलं काम बाजूला सारलं. मग म्हणाली, "मूळ फोटो आहे का?"

"आहे." मूळ फोटो कधी पुसायचा नाही, हा आत्याचाच नियम.

"मग बसलीस काय?"

"आत्या, बक्षीस जाईल. पेपरात येईल. स्टुडिओचं नाव..."

"पाटी काय, पुन्हा रंगवून घेऊ. माणूस पुसायला शिकवलं का गं मी तुला?" आणि तिचा आवाज एकदम उतरला. "शिकवलंच म्हणा. मुरमापासून सुरुवात केली ना आपण. चल, कागद काढ मोठा. मीही बसते."

सोमवारी मी बंदराच्या कचेरीत गेले. साहेबांच्या टेबलासमोर तो उभा होता, टोपी हातात चुरगाळत. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, मी शब्द टाकायला आले. तो उजळलेला चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी गुंडाळी सोडली. निळी पहाट, सहा पक्षी, घड्याळ सात वाजून दहा... आणि सातव्या पायरीवर तो. एका हातात पेन, दुसऱ्यात बिस्किट.

"हे कुठून आलं?" साहेबांनी चष्मा लावला.

"माझ्याकडचंच आहे. हे खरं. पेपरातलं खोटं. त्यातून यांना मी पुसलं."

"का?"

दहा उत्तरं तयार करून आणली होती, दिलं ते अकरावंच. "टोपी पिवळी होती," मी म्हणाले. "चित्रात... शोभत नव्हती."

कोपऱ्यातला कारकून फसकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प झाला. त्यांनी चित्रातल्या घड्याळावर बोट ठेवलं, मग सातव्या पायरीवर, आणि खुलाशाचा कागद फाडला. "जा," ते त्याला म्हणाले. "तुझी वही घेऊन जा."

तो माझ्याकडे बघत होता. रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं मी.

"मला सांगायचं एकदा," तो हळूच म्हणाला. "मी टोपी काढून ठेवली असती."

आणि वही उचलून निघून गेला.

त्या दुपारी मी बक्षीस परत केलं. ग्रंथपाल बाईंना म्हटलं, हे चित्र उतरवा, पण जागा रिकामी ठेवू नका. तिथे मूळ चित्र लावलं. खाली माझ्या हाताने लिहिलं – 'याआधी इथे लावलेल्या चित्रातून मी एका माणसाला पुसलं होतं. तो रोज इथे असतो. मला क्षमा करावी.' लोक वाचायचे, एकमेकांना कोपर मारायचे. मी रोज संध्याकाळी तिथे दाराशी उभी राहायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पळून जावंसं वाटायचं, म्हणूनच उभी राहायचे.

मूळ चित्राची एक प्रत मी त्याच्या आईला पाठवली. पिवळा ठिपका जरा मोठा दिसावा एवढ्या आकाराची. सोबत लिहिलं – तुमचे डोळे बरोबर होते, माझे चुकले.

नऊ दिवस काही नाही.

दहाव्या दिवशी स्टुडिओचं दार वाजलं. "ओळखपत्राला फोटो हवाय," तो म्हणाला. थेट आत्याशी बोलला.

"मला बाजारात जायचंय," आत्या म्हणाली आणि पिशवी विसरून गेली.

तो स्टुलावर बसला. मी दिवे लावले. कॅमेऱ्यामागे लपायला किती सोपं असतं!

"हनुवटी... जरा वर," मी म्हणाले.

"कान मोठे दिसतील. थोडे लहान कराल?"

"नाही."

"साहेबांच्या ड्रायव्हरचे केलेत म्हणे."

"आता कुणाचेच करत नाही. निम्मी गिऱ्हाइकं गेली."

"आणि हा गालावरचा तीळ?"

"राहील."

"टोपी?"

"ओळखपत्राला चालत नाही..." मी कॅमेऱ्यामागून बाहेर आले. "मला तुम्ही सगळे हवे आहात. कानांसकट, टोपीसकट. मी बोलायला नको हे, तोंड नाही मला. पण तुम्हाला पाहिलं नाही असं एकदा म्हटलं ना, तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नाही."

तो वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

"माफ केलं असं एका दमात नाही म्हणता येणार मला," शेवटी तो म्हणाला. "पाणी कधी पाहिलंय तुम्ही चढताना? एकदम नाही येत. पट्टीवर बोट बोट चढतं."

"किती चढलंय?"

त्याने बोटांवर मोजल्यासारखं केलं. "चौथ्या पायरीला असेल."

मी रडले की हसले, आठवत नाही. फोटो हललेला आला. तोच त्याने लावलाय ओळखपत्राला.

दुसऱ्या दिवशी सातला मी पायऱ्यांवर गेले, कॅमेरा घरी ठेवून. त्याने वही बाजूला सरकवून जागा केली. सहा पक्षी समोर येऊन बसले आणि आमच्याकडे टक लावून बघू लागले. त्याने अर्धं बिस्किट मला दिलं, पक्ष्यांना द्यायला. वर, लांब, एका खिडकीचा पडदा सरकला. माझी मान आपोआप खाली गेली.

"वर बघ," तो म्हणाला. पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं त्याने. आणि खिशातून काहीतरी लोकरीचं बाहेर काढलं.

"आईने कालच संपवली," तो म्हणाला. "म्हणते, तुझ्याशेजारी कुणीतरी येऊन बसेल असं वाटतंय, पण टोपीशिवाय ती मला दिसायची नाही. तिला म्हणावं, पिवळं घाल."