चौदावा प्रश्न

“ओळखपत्र गेलं! आणि पाचला खिडकी बंद होते!”

धावत आलेल्या काकूंना ताईंनी आधी खुर्चीत बसवलं. ताई खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे भावोजी, निवृत्त पोस्टमास्तर, त्यांना मदत करत; निदान ते स्वतः तसं सांगत.

काकूंचे यजमान कारखान्यात वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळायचे. त्यात फुप्फुसं गेली. राज्याच्या भरपाई कार्यालयात दावा दाखल करायचा आज शेवटचा दिवस, आणि बॉयलर विभागाचा शिक्का असलेलं जुनं ओळखपत्र हाच काय तो पुरावा.

“अर्जाला टाचून टेबलावर ठेवलं, अंघोळ करून आले, तर गायब!”

घरी काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. हात जोडायला उठले आणि तेवढ्यानंच त्यांना धाप लागली. “जाऊ द्या हो. दावा नको नि काही नको.”

जावई म्हणाला, “अर्ज मी आधी पेन्सिलीनं भरला, सासूबाईंना विचारून; शाईनं नंतर गिरवणार होतो. एकही रकाना सोडला नाही. बाबांना वाचायला दिला आणि खाली स्कूटर पुसायला गेलो.”

शेजारचा फिटर म्हणाला, “मी साक्षीदाराची सही केली नि निघालो. ओळखपत्र तेव्हा होतं.”

“याचा मुलगा त्याच कारखान्यात आहे,” भावोजी कुजबुजले. “इथंच पाणी मुरतंय!”

ताईंनी अर्ज उजेडात धरला. चौदावा रकाना कोरा होता. मग काकांच्या चादरीवरचा खोडरबराचा चुरा त्यांनी बोटानं टिपला.

“काकू, कामाचे कपडे कोण धुवायचं?”

“मीच की. बावीस वर्षं. आधी झटकायचे, नुसती पांढरी धूळ!”

काकांनी मान फिरवली.

“भावोजी, फिटरनं ओळखपत्र नेलं असतं, पण उत्तर कशाला खोडलं असतं? जावयानं तर सगळे रकाने भरले होते. चौदावा प्रश्न आहे, ‘कपडे घरी कोण धुवत असे?’ खाली बारीक अक्षरात लिहिलंय, त्या व्यक्तीचीही छाती तपासावी. अर्ज निवांत वाचायला मिळाला तो एकाच माणसाला. उत्तर खोडलं, पण शाईनं गिरवताना जावई ते पुन्हा लिहिणार. मग ओळखपत्र लपवून अर्जच अडवला. तीन पावलांत दमणारा माणूस वस्तू लांब नेत नाही. काका, उशीचा अभ्रा?”

काकांनी अभ्र्यातून ओळखपत्र काढलं. “माझ्या कपड्यांनी हिलाही काही झालं असेल तर? मला ते कळायलाच नको होतं.”

“अहो, मी गेल्या महिन्यातच तपासून आले!” काकू ओरडल्या. “छातीचा फोटो स्वच्छ आहे. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही.”

काका आधी हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. फिटरनं भावोजींकडे रोखून पाहिलं. भावोजी चष्मा पुसू लागले.

पाचला दहा कमी असताना कारकुनानं अर्जावर शिक्का मारला. “निकालाला चार महिने लागतील.”

“लागू देत,” काका काकूंच्या खांद्याचा आधार घेत म्हणाले. “आम्हाला कुठं जायचंय?”